एका नकोशा ओळीचा इतिहास

सत्तरचे दशक. न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल लॅब्समध्ये संशोधक आपले लेख संगणकावरून थेट फोटोटाइपसेटरवर काढून घेऊ लागले होते. काम कटकटीचे होते. कागदाची लांब-रुंद पट्टी उग्र वासाच्या दुसऱ्या यंत्रात जपून सरकवावी लागे आणि काही मिनिटांनी अक्षरे उमटत. एका दुपारी अनेकांच्या वाट्याला एकच अनुभव आला: पट्टी जवळजवळ कोरी, आणि तिच्यावर अत्यंत सुबक टंकात एकच ओळ, अमुक फाइल उघडता येत नाही!

ही आठवण तेथीलच संशोधक स्टीव्ह जॉन्सन यांची. त्यांच्या सांगण्यानुसार कुरकुर योग्य माणसांच्या कानांवर गेली आणि दोन-तीन दिवसांत ‘स्टँडर्ड एरर’ जन्माला आला.

मूळ दोष युनिक्सच्या साधेपणातच होता. प्रोग्रामला आत येणारी एक वाट आणि बाहेर जाणारी एक वाट. उत्तरही तिथूनच, तक्रारही तिथूनच. १९७३ मध्ये ‘पाइप’ आले, एका प्रोग्रामचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडी जाऊ लागले आणि दुसरा प्रोग्राम पहिल्याची तक्रारच माहिती समजून गिळू लागला. तरीही रचनेचा साधेपणा मोडायला कोणी धजावेना. डग मॅकिलरॉय यांनी नोंदवले आहे की १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत हे सारे निमूट सोसले गेले. त्यानंतर डेनिस रिची यांनी तिसरी वाट काढली. ० म्हणजे आत येणारा मजकूर, १ म्हणजे उत्तर, २ म्हणजे तक्रार. हे आकडे आजही तेच आहेत.

नकोशा मजकुराचे विसर्जन करण्यासाठी ‘डेव्ह-नल’ नावाची एक अथांग विहीर युनिक्सपाशी आधीपासूनच होती. तिच्यात टाकलेले परत येत नाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचे नवे शेल आले आणि केवळ २ क्रमांकाची वाट या विहिरीकडे वळवणे एका ओळीचे काम झाले.

मात्र त्याने संपूर्ण प्रोग्रामच्या तक्रारी गप्प होतात. बोलणारा प्रोग्राम नसून त्याच्या पोटातील दुसऱ्याची लायब्ररी असेल तर? १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लॅपॅक’ या गणिती लायब्ररीत ‘एक्सईआरबीएलए’ नावाचा उपप्रोग्राम आहे. चुकीची किंमत दिली की तो संदेश छापतो आणि सारा कारभार थांबवतो. तो बदलून स्वतःचा बसवण्याची मुभा कर्त्यांनीच ठेवली, हा त्यांचा मोठेपणा. बहुतेक लायब्रऱ्या एवढ्या उदार नसतात. त्या यजमानाच्याच तोंडाने बोलतात. ऐकणाऱ्याला दोन आवाज वेगळे काढता येत नाहीत.

येथे उपयोगी पडते ‘डप’ ही जुनी क्रिया. ती समजायला दारव्ह्याचे रूळ पुरेत. मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेजवरील ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. दारव्हा-मोतीबाग हे त्याच मार्गावरचे स्थानक. कोणत्याही स्थानकातला सांधेवाला काय करतो? मूळ मार्ग ध्यानात ठेवतो, सांधा बाजूच्या रुळाकडे वळवतो, नको ते डबे तिकडे जाऊ देतो आणि सांधा पूर्ववत करतो. ‘डप’ने १ क्रमांकाची प्रत जपून ठेवायची, ‘डप२’ने १ ला विहिरीकडे वळवायचे, लायब्ररीला हाक मारायची, मग जपलेली प्रत परत जागेवर आणायची.

चुका नेमक्या शेवटच्या पायरीवर होतात. लायब्ररीने मधेच डाव मोडला आणि सांधा तसाच राहिला, तर पुढची प्रत्येक गाडी आडरुळावर जाते. प्रोग्राम जिवंत, पण मुका. दुसरी चूक अधिक फसवी. सी भाषेची छापणारी यंत्रणा मजकूर आधी स्वतःपाशी साठवते. वळवण्यापूर्वी तो साठा रिता केला नाही, तर स्वतःचीच महत्त्वाची ओळ विहिरीत जाते. परत फिरवण्यापूर्वी रिता केला नाही, तर लायब्ररीची बडबड शांतता संपताच पडद्यावर उमटते. शिवाय हा सांधा साऱ्या प्रक्रियेचा असतो. त्याच वेळी दुसरा धागा काही सांगत असेल, तर त्याचेही तोंड बंद.

विदर्भातील एक-दोन पिढ्या सी शिकल्या त्या नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’वर आणि टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. त्या पडद्यामागच्या डॉसमध्ये ‘नल’ नावाची विहीर होती. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून उत्तराची वाट वळवताही येई. पण डॉसच्या आज्ञावाचकाला तक्रारीची वाट वळवता येत नसे, म्हणजे बेल लॅब्सचा धडा अर्धाच पोहोचला होता. टर्बो सीत मात्र ‘डप’ आणि ‘डप२’ दोन्ही होते.

२०१४ च्या पायथन ३.४ मध्ये उत्तराची वाट तात्पुरती वळवून आपोआप पूर्ववत करणारी सोय आली; तक्रारीच्या वाटेसाठी तशीच सोय पुढच्या वर्षी ३.५ मध्ये. परत फिरवण्याचा विसर पडण्याची भीती गेली. परंतु ही सोय पायथनच्या स्वतःच्या नावांपुरतीच चालते. सीमध्ये लिहिलेली लायब्ररी थेट १ क्रमांकावर लिहिते आणि तिला या बंदोबस्ताची खबरही नसते. तिथे आजही पायथनमधूनच ‘डप२’ला हाक मारावी लागते.