रंग कोणाचा?

दुकानात दिव्याखाली पातळ पसंत पडले, तरी आपल्याकडची जाणती बाई ते घेऊन एकदा दारापाशी येते आणि दिवसाच्या उजेडात न्याहाळून मगच पैसे मोजते. पदार्थविज्ञानाचे पुस्तक तिने उघडलेले नसेल. पण रंग एकट्या कापडाचा नसतो, त्यात उजेडाचाही वाटा असतो, हे तिला पक्के ठाऊक असते. मग रंग खरा कोणाचा? कापडाचा की उजेडाचा? या साध्या प्रश्नाने युरोपातील विद्वानांना शतकानुशतके घोळात टाकले, आणि त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग पुढे आपल्या देशात लिहिला गेला. ती हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलेली समजूत अशी होती की, पांढरा प्रकाश हा शुद्ध आणि एकजिनसी. त्यात काळोखाची कमीअधिक सरमिसळ झाली म्हणजे रंग उत्पन्न होतात. काचेच्या लोलकातून ऊन गेले की रंग दिसतात, हे न्यूटनच्या आधीही लोकांना माहीत होते. मात्र काचच प्रकाशाला रंग चढविते, असा त्याचा अर्थ लावला जाई. न्यूटनने लोलक हाती घेतला यात काही विशेष नाही. सर्वांना पटलेल्या या अर्थावर त्याने शंका घेतली, यात त्याची थोरवी आहे.

१६६६ च्या सुमारास त्याने खोली अंधारी करून खिडकीच्या झडपेला एक लहानसे वाटोळे भोक पाडले आणि आत आलेला किरण लोलकातून सुमारे २२ फुटांवरील भिंतीवर पाडला. सूर्य वाटोळा, भोकही वाटोळे. तेव्हा वक्रीभवनाच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे भिंतीवरचा डागही वाटोळाच पडावयास हवा होता. पडला तो रुंदीच्या पाचपट लांब असा पट्टा! दुसरा कोणी त्या रंगांच्या शोभेवर भुलला असता. न्यूटन अडला तो त्या लांबीपाशी. सगळा प्रकाश सारखाच वळत असेल, तर तो असा लांबावा कशाला?

मग त्याने निर्णायक प्रयोग योजिला. या वर्णपटाच्या वाटेत भोके पाडलेल्या फळ्या उभ्या करून त्याने एका वेळी एकाच रंगाचा किरण पुढे जाऊ दिला व तो दुसऱ्या लोलकावर घेतला. काच रंग चढवीत असेल, तर दुसऱ्या काचेने त्यात नवी भर घालावयास पाहिजे होती. तसे काही घडले नाही. तांबडा किरण तांबडाच राहिला, निळा निळाच राहिला. आणि दुसऱ्या खेपेलाही तांबडा कमी वळला, निळा अधिक वळला. म्हणजे रंग प्रकाशात आधीपासूनच होते. काचेने फक्त त्यांची पांगापांग केली. पांढरा प्रकाश हीच खरी सरमिसळ ठरली.

मग वस्तूंच्या रंगांचे काय? न्यूटनने आपल्याला परिचित असलेला शेंदूरच घेतला. निळ्या किरणांत धरला तेव्हा तो निळा दिसला; तांबड्या किरणांत मात्र झळाळून उठला. वस्तू रंग निर्माण करीत नाही. आलेल्या किरणांपैकी काही ती गिळते व काही परत पाठविते. दुकानातल्या दिव्यात जे किरण अपुरे, ते कापडाने परत कोठून पाठवावेत?

१६७२ च्या फेब्रुवारीत न्यूटनने हे सारे रॉयल सोसायटीला पत्राने कळविले, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. रॉबर्ट हुकने कडक आक्षेप घेतले आणि वाद चिघळला. त्याला न्यूटन इतका विटला की, ‘ऑप्टिक्स’ हा ग्रंथ त्याने १७०४ मध्ये, म्हणजे हुकच्या निधनानंतरच छापविला.

पुढे १८०१ मध्ये टॉमस यंगने दोन गोष्टी सुचविल्या. प्रकाश लाटांचा आहे, आणि रंग ओळखण्यासाठी डोळ्यात तीनच प्रकारचे ग्राहक पुरेत. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर जांभळ्याची लाट सुमारे ४०० भागांची आणि तांबड्याची सुमारे ७०० भागांची भरते. बाहेर आहेत त्या या लाटा; ‘तांबडा’ ही जाणीव डोळ्याची व मेंदूची. किरण स्वतः रंगीत नसतात, हे न्यूटननेही बजावून ठेवले होते.

पण न्यूटनचा एक नियम उरतोच. शुद्ध रंगाच्या किरणाला वाकवा, परतवा, काही करा. त्याचा रंग पालटत नाही. १८५२ मध्ये स्टोक्सने काही पदार्थ अदृश्य किरण गिळून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात हे दाखविले. पण तो ठरावीक पदार्थांचा गुण मानला गेला. साधे पाणी, साधी हवा यांना नियम लागू आहे, असेच सारे धरून चालले होते.

१९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीने परत येत होते. समुद्राचा निळेपणा म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे थोर शास्त्रज्ञ रॅले यांचे मत त्यांना माहीत होते. रामन यांनी निकोलच्या लोलकातून, पृष्ठभागावरून परावर्तित झालेले किरण अडतील अशा बेताने, समुद्राकडे पाहिले. प्रतिबिंब गेले, तरी निळेपणा राहिला. उलट तो अधिक खुलला. पाण्याचे कणच प्रकाश विखुरतात, असा निष्कर्ष काढून त्यांनी मुंबई बंदरातून ‘नेचर’कडे टिपण धाडले. पाणी तांबडे किरण गिळते, याचाही त्या निळाईत मोठा हिस्सा आहे, हे आज आपण जाणतो. पण रामन यांना पुढची वाट त्या विखुरण्यात सापडली.

कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये त्यांनी व के. एस. कृष्णन यांनी एक सोपी युक्ती केली. एक काच अशी की, तिच्यातून केवळ निळे-जांभळे किरण जावेत. दुसरी अशी की, तिने नेमके तेच अडवावेत. पहिलीतून आलेला प्रकाश द्रवात सोडला आणि विखुरलेला प्रकाश दुसरीतून पाहिला. न्यूटनचा नियम अबाधित असेल, तर तेथे काळोख हवा. तेथे मंद उजेड होता! सुमारे ६० द्रवांत तो आढळला, आणि त्याचे गुण स्टोक्सच्या प्रकाशासारखे नव्हते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी पाऱ्याच्या दिव्याने खात्री पटली. विखुरताना काही थोडा प्रकाश रेणूंशी ऊर्जेची देवघेव करतो आणि रंग पालटून बाहेर पडतो. हा अंश अत्यंत अल्प, कोटीत एखाददुसरा. पण प्रत्येक पदार्थाची त्यात निराळी खूण असते, आणि त्या खुणेवरून आज औषधे व रत्नेही पारखली जातात. १९३० मध्ये रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

न्यूटनचा नियम यामुळे मोडीत निघाला असे नाही. रोजच्या व्यवहारात तो आजही चालतो. त्याची हद्द कोठवर आहे, एवढे कळले. आणि ती हद्द सापडली कशी? न्यूटनच्याच रीतीने. दोन लोलकांच्या जागी दोन काचा आल्या, आणि थोरामोठ्यांचे मत पुन्हा एकदा डोळ्यांसमोर पारखून घेतले गेले. सभ्य स्त्रीपुरुषहो, दारापाशी येऊन पातळ पाहणाऱ्या त्या बाईची आणि या शास्त्रज्ञांची वृत्ती एकच आहे. दुकानदाराच्या शब्दावर ती विसंबत नाही; हेही विसंबले नाहीत.