दंतवैद्यक प्रवेश : मुलाखत नाही, गुणानुक्रम आणि कागदपत्रे

बारावीचा निकाल आणि 'नीट'ची गुणपत्रिका हाती येण्याचा हंगाम आला की काळाचौकीच्या अभ्युदयनगरपासून लालबागच्या चाळींपर्यंत घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो. एमबीबीएस नाही, तर निदान बीडीएस तरी मिळेल काय? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो, मुलाखतीच्या तयारीचा. इंटरनेटवर शोध घेतला की दंतवैद्यक प्रवेशाच्या मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या लांबलचक याद्या समोर येतात. शेजारच्या इमारतीतील कोणाचा तरी अमेरिकेतील भाचा अशी मुलाखत देऊन आल्याचेही कळते. मग व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांची चौकशी सुरू होते आणि ऐन मोक्याचे दोन-तीन आठवडे त्यात निघून जातात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. महाराष्ट्रात बीडीएसच्या प्रवेशासाठी मुलाखत घेतली जात नाही. महाविद्यालय शासकीय असो, महापालिकेचे असो, खासगी विनाअनुदानित असो वा अभिमत विद्यापीठाचे. प्रवेश 'नीट'च्या गुणानुक्रमानेच होतो. संस्थास्तरावरील कोटा आणि अनिवासी भारतीयांसाठीच्या जागाही त्याला अपवाद नाहीत. एखादा मध्यस्थ 'व्यवस्थापनाबरोबर मुलाखत' ठरवून देण्याची भाषा करू लागला, तर त्या भेटीत विद्यार्थ्याच्या गुणवत्तेची नव्हे, पालकांच्या खिशाची चाचपणी व्हायची आहे, हे ओळखावे. पदवीनंतरच्या एमडीएससाठीही वेगळी 'नीट' आहे, मुलाखत नाही. गैरसमजाचे एक कारण मात्र राज्यातच आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 'नीट'नंतर मुलाखत होते. परंतु ती एमबीबीएससाठी.

मुलाखत का गेली?

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात मुलाखतीला एके काळी मोठे वजन होते. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी मुलाखतीला ५० गुण असत. त्याविरुद्ध विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन-तीन मिनिटांत मुलाखत उरकली जाते आणि प्रश्न आईवडिलांविषयी, राहण्याच्या ठिकाणाविषयी विचारले जातात, अशी त्यांची तक्रार होती. अजय हसिया खटल्याच्या १९८० मधील निकालात न्यायालयाने मुलाखतीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वजन देणे मनमानीपणाचे ठरविले. महाराष्ट्रात १९८७ मध्ये देणगी शुल्काला प्रतिबंध करणारा कायदा झाला. पुढे २००५ मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने खासगी संस्थांचे प्रवेशही पारदर्शक सामायिक परीक्षेतूनच व्हावेत, असे स्पष्ट केले. 'नीट' २०१३ मध्ये आली, त्याच वर्षी रद्द झाली आणि २०१६ मध्ये न्यायालयाच्याच आदेशाने परतली. त्या वर्षी राज्याच्या वाट्याच्या जागा राज्याच्या स्वतंत्र सीईटीतून भरण्याची मुभा मिळाली होती. २०१७ पासून मात्र सर्व जागा 'नीट'कडे गेल्या. चाळीतल्या मुलाच्या दृष्टीने या बदलाचे मोल मोठे आहे. त्याचे इंग्रजी कसे आहे, वडील काय करतात, हे विचारणारे टेबलच उरलेले नाही.

गुण नव्हे, क्रमांक

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. बहुतेक घरांत शक्यता गुणांवरून मोजली जाते. 'मागच्या वर्षी अमक्याला इतक्या गुणांवर मिळाले' हे वाक्य पुराव्यासारखे फिरते. ते फसवे आहे. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० गुण मिळविणारे आधी ६७ जण होते आणि सुधारित निकालातही १७ उरले. २०२५ मध्ये देशात पहिला आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. खुल्या प्रवर्गाची पात्रता म्हणजे ५० पर्सेंटाइल. २०२४ मध्ये ती १६२ गुणांवर होती, २०२५ मध्ये १४४ वर आली. दोन वर्षांतील समान गुणांची तुलना करणे म्हणजे वेगवेगळ्या वजनकाट्यांवरील माप ताडून पाहणे होय. शिवाय पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख विद्यार्थी परीक्षेला बसले आणि बारा लाखांहून अधिक पात्र ठरले.

पाहायचा तो अखिल भारतीय क्रमांक आणि त्यावरून लागणारे राज्य गुणवत्ता यादीतील स्थान. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजेच सीईटी सेल, प्रत्येक फेरीनंतर कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या प्रवर्गात, कोणत्या क्रमांकाला जागा मिळाली याची यादी प्रसिद्ध करतो. मागील दोन वर्षांच्या या याद्या समोर ठेवून आपल्या प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक शोधला, की अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. थोरल्या भावंडांच्या वेळचे जुने आकडे मात्र बाजूला ठेवावेत. विभागनिहाय ७०:३० चे सूत्र २०२० मध्ये रद्द झाले आणि तेव्हापासून मुंबई, विदर्भ, मराठवाडा एकाच यादीत आहेत.

यादी पाहताना पहिल्या फेरीवर थांबू नये. बीडीएसला प्रवेश घेतलेले अनेक विद्यार्थी पुढच्या फेरीत एमबीबीएस मिळताच जागा सोडतात आणि क्रमांक खाली सरकत जातो. २०२०-२१ मध्ये तर देशात बीडीएसच्या सुमारे सात हजार जागा रिकाम्या राहिल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती पात्रता दहा पर्सेंटाइलने खाली आणण्यास सांगितले. यावरून 'शेवटी कुठेतरी मिळतेच' असा निष्कर्ष काढणारे पालक आहेत. तो अर्धाच खरा आहे. रिकाम्या राहतात त्या मुख्यतः जास्त शुल्काच्या खासगी संस्थांतील जागा. काळाचौकीहून कॉटन ग्रीनची हार्बर लोकल पकडून जाता येईल असे सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय, किंवा मुंबई सेंट्रलचे १९३३ पासूनचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, यांच्या जागा वाट पाहत बसत नाहीत.

पसंतीक्रम भरताना आणखी एक चूक हमखास होते. 'वरचे मिळणार नाहीच, मग मिळण्याजोगे आधी लिहू' असा विचार केला जातो. संगणक आधी गुणानुक्रम पाहतो आणि मग विद्यार्थ्याची पसंती. अवघड महाविद्यालय वर लिहिल्याने खालच्या महाविद्यालयाची शक्यता तसूभरही घटत नाही; उलट सोपे नाव वर लिहिले तर तेच गळ्यात पडते. मिळालेली जागा कोणत्या फेरीपर्यंत सोडता येते, पहिली पसंती मिळूनही हजर न झाल्यास काय होते, हे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचावेत. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या सर्व जागा यांसाठी दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. राज्याचा अर्ज तिथे चालत नाही.

खरी परीक्षा कागदपत्रांची

मुलाखतीची जागा जर कोणी घेतली असेल, तर ती कागदपत्रांच्या पडताळणीने. येथे कोणी प्रश्न विचारत नाही. कागद आहे की नाही एवढेच पाहिले जाते. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवास प्रमाणपत्र लागते आणि काही अपवाद वगळता दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. मंडळ कोणतेही चालते, संस्था मात्र राज्यातील हवी. शिकवणीसाठी मुलाला राजस्थानात कोटा येथे पाठवून बारावीचा अर्जही तिथूनच भरणारे पालक येथे फसतात. जन्म मुंबईचा, दहावी परळची, आणि तरीही राज्याचा कोटा हातचा जातो.

गिरणगावातील कुटुंबांची अडचण याहून खोल आहे. जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे वास्तव्य एका ठरावीक तारखेला कोठे होते, हे पाहिले जाते. अनुसूचित जातींसाठी ती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ अशी आहे. आता गिरणी कामगाराचे घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबा खात्यात लागले तेव्हा एकटेच मुंबईत, आजी खेडला किंवा पाटणला. वडिलांची पहिली शाळा गावची, पुढची शिवडीची. अशा घराने दाखला कोठे काढायचा? त्या तारखेचा वास्तव्याचा पुरावा गावचा असेल तर तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे, मुंबईचा असेल तर फोर्टमधील ओल्ड कस्टम हाऊसच्या मुंबई शहर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या यंत्रणेकडे. १९८२ च्या संपानंतर खोल्या विकून गेलेल्या अनेक घरांत त्या काळची भाडेपावती वा शिधापत्रिका उरलेली नाही. अशा वेळी गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद कामी येते. तो उतारा आणायला गणपतीला गावी जाईपर्यंत थांबले तर प्रवेश-फेऱ्या हातून जातात.

दाखल्यापाठोपाठ जात वैधता प्रमाणपत्र. त्याचा अर्ज सामान्यतः दाखला ज्या जिल्ह्यातून काढला तेथील समितीकडे जातो; अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत. पुरावा अपुरा वाटल्यास प्रकरण दक्षता पथकाकडे जाते आणि महिने लोटतात. म्हणून बारावी विज्ञानाला असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अर्ज करणे हिताचे. केवळ अर्जाची पावती दाखवून प्रवेश देण्याची सवलत अधूनमधून मिळते. पण ती त्या वर्षीच्या शासन निर्णयावर अवलंबून असते आणि मुदतीत प्रमाणपत्र न आल्यास आरक्षित जागा जाते. विमुक्त-भटके, इतर मागासवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग यांना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही लागते. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे ती उलटून गेलेली नाही ना, हे पाहावे. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव आणि 'नीट'च्या अर्जावरील नाव अक्षरशः जुळते का, हे आधीच पाहावे. आडनाव बदललेल्या कोकणी कुटुंबांना राजपत्रातील नोंद जवळ ठेवावी लागते.

शुल्काचा हिशेब

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. संस्थास्तरावरील कोट्यात तेच शुल्क कितीतरी पटींनी वाढते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, इतर मागासवर्ग व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातील मुलींना, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत केंद्रीभूत फेऱ्यांतून झालेल्या प्रवेशांनाच मिळते. अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही, ही गोष्ट नवी मुंबईतील अभिमत महाविद्यालये निवडताना ध्यानात असलेली बरी.

मुलाखत आहे ती परदेशात

इंटरनेटवरील प्रश्नांच्या याद्या खोट्या नव्हेत; त्या दुसऱ्या देशांतल्या आहेत. ब्रिटनमध्ये शालेय शिक्षणानंतर 'यूकॅट' ही परीक्षा आणि अनेक ठिकाणी लहान-लहान मुलाखतींची साखळी असते. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्याकडे जातो. एकीकडे नैतिक पेच मांडला जातो, दुसरीकडे घाबरलेल्या रुग्णाशी बोलायला सांगितले जाते. अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षणानंतर 'डॅट' परीक्षा आणि मग मुलाखत. डॉक्टर न होता दंतवैद्यच का व्हायचे, दवाखान्यात किती तास बसून काम पाहिले, अशी विचारणा तेथे होते. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांतील मुले याची तयारी वर्ष-दोन वर्षे करतात. काळाचौकीच्या मुलाला बारावीनंतर तिचा उपयोग नाही.

मात्र त्याच मुलाच्या वाट्याला ती पुढे येऊ शकते. चार वर्षांचे बीडीएस आणि वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून अमेरिकेत जाणाऱ्यांना तेथील विद्यापीठांच्या दोन-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना प्रवेश घ्यावा लागतो. त्यासाठी 'कॅपिड' या केंद्रीय यंत्रणेतून अर्ज करतात, राष्ट्रीय मंडळाची परीक्षा आणि इंग्रजीची चाचणी देतात, आणि त्यानंतर मुलाखतीचे बोलावणे येते. अनेक विद्यापीठे त्याच भेटीत 'बेंच टेस्ट'ही घेतात. कृत्रिम जबड्यातील प्लास्टिकच्या दातावर ठरावीक वेळात, ठरावीक मापाची कोरणी करून दाखवायची असते. आपल्याकडे प्रवेशाच्या वेळी उमेदवाराची बोटे कोणी पाहत नाही. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला बसविले जाते, तेव्हा त्यांची पहिली ओळख होते.