गोळीचे आवरण

बंदुकीच्या गोळीतील शिशाचा नळीशी प्रत्यक्ष स्पर्श होऊ नये म्हणून तिच्यावर देण्यात येणारे वंगण, कागद, धातू किंवा बहुवारिक यांचे वेष्टन. शिसे जड (घनता ११.३४), मऊ व ३२७° से. तापमानास वितळणारे असल्याने त्याची गोळी साध्या भट्टीवर व साध्या साच्यात ओतता येते. परंतु हा मऊपणाच पुढे दोष ठरतो. गोळीच्या कडेने निसटणाऱ्या तप्त वायूंमुळे आणि घर्षणामुळे शिसे सुटते, त्याचा थर नळीत चिकटून बसतो व नेम बिघडतो. हा दोष टाळण्याच्या प्रयत्नांतून गोळीची निरनिराळी आवरणे निर्माण झाली.

गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी सैल बसत असे. रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा असल्याने तीत गोळी घट्ट बसणे आवश्यक होते. त्यासाठी ती वंगण लावलेल्या कापडाच्या किंवा कातड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठोकीत असत. हे काम वेळखाऊ होते. क्लोद एत्येन मिन्ये या फ्रेंच सेनाधिकाऱ्याने १८४९ मध्ये तयार केलेल्या शंकूच्या आकाराच्या गोळीचा तळ पोकळ होता. स्फोटाच्या दाबाने तो फुगून खाचांत बसे. हेच तत्त्व १८५३ च्या ब्रिटिश एन्फील्ड रायफलीत स्वीकारण्यात आले. तिच्या कागदी काडतुसाचे टोक दातांनी तोडून दारू नळीत ओतावयाची व वंगण लावलेल्या कागदासह गोळी आत सारावयाची, अशी रीत होती.

या वंगणात गाईची व डुकराची चरबी आहे, ही वार्ता जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील डमडम येथून पसरली. शिपायांनी स्वतः आणलेले वंगण वापरावे, अशी सवलत सरकारने दिली. पण अविश्वास दूर झाला नाही. २४ एप्रिल रोजी मीरत येथे ९० पैकी ८५ घोडेस्वारांनी काडतुसे नाकारली. ती जुन्या पद्धतीची होती, तरीही संशय कायम राहिला. त्या स्वारांना झालेल्या शिक्षेनंतर १० मे रोजी तेथे उठाव झाला. विष्णुभट गोडसे यांच्या माझा प्रवास या ग्रंथातही काडतुसांची हकीकत आली आहे. उठावाची राजकीय, आर्थिक व सामाजिक कारणे अनेक होती. तथापि आवरणासाठी कोणता पदार्थ वापरावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

पॉल व्ह्येय यांनी १८८४ मध्ये धूरहीन दारू तयार केल्यावर गोळीचा वेग एवढा वाढला की, वंगण अपुरे पडू लागले. स्वित्झर्लंडमधील एडुआर्ड रूबिन यांनी १८८२ मध्येच तांब्याच्या आवरणाची गोळी तयार केली होती. पुढे लष्करी गोळ्यांना धातूचे आवरण देणे रूढ झाले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतण्याचा छंद टिकून राहिला. शिशात कथिल व अँटिमनी मिसळून ते कठीण करावयाचे आणि गोळीवरील खाचांत मेणयुक्त वंगण भरावयाचे, ही तेथील जुनी पद्धत होय. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत तिच्या जोडीला चूर्णलेपन आले. मूलतः यंत्रे व घरगुती उपकरणे यांच्या रंगकामासाठी विकसित झालेल्या या पद्धतीत पॉलिएस्टरचे कोरडे चूर्ण स्थिर विद्युत् भारामुळे गोळीला चिकटते व सु. २००° से. तापमानात वितळून त्याची अखंड कठीण कातडी बनते. हे तापमान शिशाच्या वितळबिंदूपेक्षा बरेच कमी असल्याने गोळीचा आकार बिघडत नाही. वंगणाचा धूर व चिकटपणा टळतो आणि हाताळताना शिशाशी संपर्क कमी होतो.

तथापि हे आवरण शिशाचे विषारीपण नाहीसे करीत नाही. ओतकामातील धूळ व धूर, काही स्फोटक टोप्यांतील शिशाची संयुगे आणि जमिनीत किंवा प्राण्याच्या शरीरात उरणारे गोळीचे तुकडे यांचा धोका राहतोच. अशा तुकड्यांमुळे काँडोर या दुर्मिळ गिधाडांना विषबाधा होत असल्याने कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. आवरणाने नळीचे रक्षण साधले; माणसाचे व पर्यावरणाचे रक्षण मात्र शिशाचा वापर सोडल्याखेरीज पूर्णपणे साधणार नाही.