वळवाच्या आत

एप्रिल लागला की आमच्या शिवाजी पेठेतली गल्ली शिंकायला लागते. दोष माझा. गल्लीच्या तोंडाशी आमचा मिरची कांडायचा डंक आहे. वडिलांनी घातला, आता मी चालवतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी सांगतो. कोल्हापुरात नुसतं ‘चटणी’ म्हटलं की ती ताटाच्या डाव्या बाजूची नव्हे. ती वर्षाची कांदा-लसूण चटणी. आमटीत तीच, वांग्यात तीच, तांबड्या रश्शात तीच, आणि घरात काहीच नसेल तेव्हा तेल घालून भाकरीबरोबर तीच. पावसाळ्याच्या बेगमीत धान्य, कुरडया, सांडगे, शेवया सगळं येतं. पण चटणी झाली नाही तोवर बाईला बेगमी झाली असं वाटत नाही.

रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. देठं खुडून मिरची उन्हात कडकडीत वाळवायची, मुठीत दाबली की मोडली पाहिजे. धणे, तीळ, खोबरं, खसखस, दगडफूल घरीच भाजून वेगवेगळ्या पुड्यांत आणायचं. उभा चिरलेला कांदा वाळवून तळलेला. आधी मिरची आणि खडेमीठ, मग मसाला, लसूण अगदी शेवटी. लोखंडी मुसळ वर गेलं की मी उखळात हात घालून घाण हलवतो आणि ते खाली यायच्या आत काढतो. हे शिकवता येत नाही. वडिलांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती, तेवढ्यावरून मी शिकलो.

बाई मात्र पिढ्यान्‌पिढ्या डंकासमोरून हलत नाही. नाकाला पदर, डोळ्यांतून पाणी, तरी नजर उखळावर. “मामा, आधीच्यांचं नीट झाडून काढा हं, आमच्यात खसखस जास्त असते.” घराघराचं प्रमाण वेगळं, आणि ते कागदावर नसतं. मला पेठेतल्या निम्म्या घरांचं ठाऊक आहे, पण एकीचं दुसरीला सांगत नाही.

हल्ली तरुण जोडपी येतात, म्हणतात, “यंदापासून सगळं घरचंच करायचं ठरवलंय.” करा, मला धंदाच आहे. पण आमची बेगमी निव्वळ घरची कधीच नव्हती. ब्याडगी कर्नाटकातली, मिरं-वेलदोडे मलबारकडचे. मिरची तर मुळात अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यावर आणली. अंबाबाईचं देऊळ तिच्यापेक्षा कितीतरी शतकं जुनं. म्हणजे देवीचे पहिले भक्त लाल चटणीशिवाय जेवत होते. हे मी डंकावर बोललो की बायका माझ्याकडे संशयानं बघतात.

खरं घरचं होतं ते दूध. पेठांमधून घरामागं म्हशी असायच्या. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून म्हशी मिरवायची रीत अजून आहे, आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर अजून समोर धार काढून दूध मिळतं. १९६३ साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आजचं ‘गोकुळ’, निघाला. पिशवीतलं दूध दारात यायला लागलं, जागाही आखडत गेली. आमच्या गोठ्याच्या जागेवरच हा डंक आहे.

आणि कणगी भरली म्हणजे निभावलं असंही नव्हतं. १८९६-९७ च्या दुष्काळात घरची बेगमी पुरी पडली नाही. कोल्हापूरला रेल्वे १८९१ ला आली होती, गुळासाठी शाहूपुरी पेठ १८९५ ला वसली होती, पण लोकांच्या पोटाला लागला तो शाहू महाराजांनी बाहेरून मागवून स्वस्त दुकानांत विकायला लावलेला दाणा. महाराज गादीवर येऊन जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती.

तरी बेगमीची किंमत मला २०१९ च्या ऑगस्टात कळली. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी ती ५५ च्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, ट्रक अडकलेले, शहरात भाजी नाही, दूध नाही. आमच्या माळ्यावर खालच्या भागातली तीन कुटुंबं होती. पाच दिवस भाकरी, पिठलं आणि चटणी. प्रत्येक घरानं आपली बरणी बरोबर आणली होती. कपडे विसरले होते एक-दोघं, बरणी नाही. त्या पाच दिवसांत पहिल्यांदाच त्या बायकांनी एकमेकींची चटणी चाखली.

वडिलांच्या वेळी घरामागं दहा-बारा किलो मिरची यायची, आता दोन. मला चालतं. फक्त एक करा, वळीव पडायच्या आत या. दमट मिरची उखळाला चिकटते आणि बरणीत बुरशी धरते. ती मी परत पाठवतो, मग कुणी कितीही ओळखीचं असो.