क्लार्कियाचे पराग आणि शाळेतलं एक वाक्य

'रॉबर्ट ब्राऊनने पाण्यात परागकण नाचताना पाहिले' हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केलंय. आज त्या परागाच्या फुलाविषयी बोलू. आधीच सांगतो, ते वाक्य बरोबर नाही.

फुलाचं नाव क्लार्किया पुल्केला. अमेरिकेच्या वायव्येला, डोंगरउतारांवरच्या पाइनच्या विरळ जंगलात ते उगवतं आणि एका हंगामात बी टाकून संपतं. चार गुलाबी-जांभळ्या पाकळ्या, प्रत्येकीला तीन फाटे. १ जून १८०६ रोजी मेरिवेदर लुईसने त्याची नोंद केली. लुईस-क्लार्कची तुकडी तेव्हा परतीच्या वाटेवर होती. बिटररूट डोंगरांवरचा बर्फ वितळेना, म्हणून क्लिअरवॉटर नदीकाठी नेझ पर्स लोकांच्या मुलखात ती खोळंबली होती. गंमत बघा, फूल टिपलं लुईसने आणि नाव लागलं क्लार्कचं! लंडनमध्ये फ्रेडरिक पुर्शने केलेली ही वाटणी. लुईसच्या नावे त्याने दुसरं फूल केलं, लुईसिया. ज्यांच्या अंगणात ते फुलत होतं, ते नेझ पर्स या नावांत कुठेच नाहीत.

पुढे डेव्हिड डग्लसमुळे ते इंग्लंडच्या बागांत पोचलं. जून १८२७ मध्ये ब्राऊन त्याचे पराग तपासत होता. वनस्पतींत फलन कसं होतं, हा त्याचा प्रश्न. हलत होते ते परागकण नव्हेत, तर त्यांच्या पोटातले सूक्ष्म कण, इंचाच्या चार-पाच हजाराव्या भागाएवढे. अख्खा परागकण त्या मानाने अवाढव्य. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी तो काय हलणार?

ब्राऊनला आधी वाटलं, ही जिवंतपणाची खूण असावी. इथेच थांबला असता तर आज त्याचं नाव कोणी घेतलं नसतं. त्याने शंभर वर्षं वाळलेल्या वनस्पतींचे पराग पाहिले. तेही हलले. मग काच, दगड, अगदी इजिप्तच्या स्फिंक्सचा तुकडासुद्धा दळून पाहिला. सगळं हललं. म्हणजे जिवाचा इथे संबंध नाही. स्वतःचाच तर्क त्याने स्वतः मोडला. कारण मात्र त्याला सापडलं नाही.

ते १९०५ मध्ये आइन्स्टाइनने गणिताने मांडलं, आणि ज्याँ पेराँने प्रयोगांनी पडताळलं. रेणू खरोखर असतात, हे त्यानंतर बहुतेकांनी मान्य केलं. पेराँने क्लार्किया वापरला नाही, बरं का. त्याने घेतले गँबोजचे कण. गँबोज म्हणजे आपल्या कोकमाच्या जातभाईंचा पिवळा चीक.