‘बॅटमॅन : दि अ‍ॅनिमेटेड सिरीज’ : एका लाडक्या मालिकेच्या उणिवा

अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर ५ सप्टेंबर १९९२ रोजी ‘बॅटमॅन : दि अ‍ॅनिमेटेड सिरीज’ ही मालिका सुरू झाली. १९९५पर्यंत तिचे ८५ भाग प्रसारित झाले. सुपरहिरोंवरील अ‍ॅनिमेशन मालिकांमध्ये आजही तिचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. केव्हिन कॉनरॉय यांच्या आवाजातील बॅटमॅन, मार्क हॅमिल यांचा जोकर, शर्ली वॉकर यांचे वाद्यवृंदाचे संगीत आणि काळोखात बुडालेले गॉथम शहर यांचे गुणगान एवढे झाले आहे, की मालिकेत काही खोट असू शकते, हे म्हणणेही तिच्या चाहत्यांना धाडसाचे वाटावे.

तरीही खोट आहे. मालिका प्रथमच पाहायला बसलेल्या प्रेक्षकाच्या ती चटकन लक्षात येते. एक भाग पाहून तो थक्क होतो आणि दुसऱ्याच भागात ‘हीच का ती गाजलेली मालिका?’ असा प्रश्न त्याला पडतो. या चढउताराची कारणे कलावंतांच्या कुवतीत फारशी सापडत नाहीत. ती मालिका ज्या पद्धतीने तयार झाली आणि विकली गेली, त्या पद्धतीत आहेत. काही उणिवा मात्र लेखनाच्याच आहेत आणि त्यांचे खापर वाहिनीवर फोडता येत नाही.

पासष्ट भागांचे ओझे

वॉर्नर ब्रदर्सच्या ‘टायनी टून अ‍ॅडव्हेंचर्स’ या विनोदी मालिकेवर काम करणारे ब्रूस टिम आणि एरिक राडोम्स्की यांनी काही मिनिटांची एक नमुनाफीत तयार केली. तिच्या बळावर त्यांच्याकडे ही मालिका सोपविण्यात आली. पूर्ण मालिकेच्या निर्मितीचा अनुभव दोघांनाही नव्हता. पुढे लेखनाच्या बाजूने अ‍ॅलन बर्नेट आणि पॉल डिनी यांची साथ मिळाली. राडोम्स्की यांनी पार्श्वभूमीची चित्रे पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगविण्याची पद्धत आणली. उजेड असेल तेवढाच रंगवायचा, उरलेला अंधार कागदाचाच. मालिकेचे ते अजोड काळोखी रूप या युक्तीतून आले.

मागणी मात्र सुरुवातीलाच ६५ भागांची होती. या आकड्यामागे व्यापाराचे गणित आहे. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवायचा, तर तेरा आठवड्यांसाठी ६५ भाग लागतात. एवढे काम एका चमूला झेपणे अशक्यच होते. त्यामुळे कथा, रेखाटने आणि आवाजांचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत होई. प्रत्यक्ष हालचालींची हजारो चित्रे काढून रंगविण्याचे काम जपान आणि दक्षिण कोरियातील निरनिराळ्या स्टुडिओंना वाटून दिले जाई. टीएमएस, सनराइज आणि स्पेक्ट्रम हे त्यातले जपानी, तर डाँग यांग आणि एकॉम हे कोरियातले. प्रत्येकाचा हात वेगळा, दर्जाही वेगळा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘फीट ऑफ क्ले’ ही दोन भागांची कथा. मॅट हेगन हा देखणा नट एका रसायनाच्या आहारी जातो आणि त्याच्या शरीराचा चिखलाचा गोळा होतो. पहिला भाग एकॉमने केला, दुसरा टीएमएसने. पहिल्यात चेहरे प्रत्येक चौकटीत थोडे थोडे बदलतात आणि हालचाली अडखळतात. दुसऱ्या भागाच्या शेवटी बॅटमॅन हेगनला त्याच्याच जुन्या भूमिकांच्या दृश्यांनी भरलेल्या पडद्यांसमोर उभे करतो. हेगनचे शरीर ताब्यात राहत नाही. एकामागून एक रूपे त्याच्या अंगातून उसळत जातात. दूरचित्रवाणीच्या अ‍ॅनिमेशनमध्ये असे दृश्य क्वचितच पाहायला मिळाले असेल. कथा एकच, लेखनही सलग. तरी एका भागातून दुसऱ्यात जाताना प्रेक्षक जणू वेगळ्याच मालिकेत पोहोचतो.

‘कॅट स्क्रॅच फीव्हर’ आणि ‘मून ऑफ द वुल्फ’ हे एकॉमचेच भाग चाहत्यांच्या नावडत्या यादीत कायम असतात. केवळ एकॉमला दोष देणे मात्र रास्त नाही. ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या पैशांत भाग हाती पडलाच पाहिजे, या अटीखाली सदोष चित्रे परत पाठवून पुन्हा काढून घेण्याला मर्यादा होत्या. मालिकेच्या सुरुवातीची गाजलेली, शीर्षकाचे नावही न दाखविणारी मिनिटभराची दृश्यमालिका टीएमएसने केली होती. त्या मिनिटाने दिलेले वचन पुढची वीस मिनिटे दर वेळी पाळता आले नाही.

क्रमाचा गोंधळ

निर्मितीच्या क्रमानुसार ‘ऑन लेदर विंग्ज’ हा पहिला भाग. बॅटमॅन कोण, पोलिसांना त्याच्याविषयी काय वाटते, हे त्यात नेमके मांडले आहे. पण प्रसारणाचा मान मिळाला ‘द कॅट अँड द क्लॉ’ या कथेला. निर्मितिक्रमात तिचा पहिला भाग पंधरावा होता. कारण उघड होते. १९९२च्या जूनमध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’ हा चित्रपट झळकला होता आणि त्यातील कॅटवुमन लोकांच्या तोंडी होती. या दोन भागांच्या कथेचा उत्तरार्ध आठवड्याने दाखविला गेला आणि मधल्या दिवसांत भलतेच भाग लागले.

चित्रपटाची छाया पात्रांच्या रूपावरही पडली. कॅटवुमनला मिशेल फायफरप्रमाणे सोनेरी केस आले. पेंग्विनला डॅनी डेव्हिटोने साकारलेल्या विद्रूप पात्राचे शरीर आणि पंखांसारखी बोटे मिळाली. मालिकेतील पेंग्विन स्वभावाने मात्र जुन्या कॉमिक्समधला, उंची पोशाखाचा आणि सुसंस्कृतपणाचा आव आणणारा. देह एका पेंग्विनचा आणि वाणी दुसऱ्याची, अशी त्याची ओढाताण झाली. जोकर, टू-फेस किंवा मिस्टर फ्रीझ यांच्या तोडीचा तो कधीच उतरला नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

बालप्रेक्षकांची सक्ती

फॉक्सच्या दृष्टीने ही शाळा सुटल्यानंतर मुलांनी पाहण्याची मालिका होती. तेव्हा नायकाभोवती मुले असावीत, हा आग्रह आलाच. त्यातून ‘आय हॅव गॉट बॅटमॅन इन माय बेसमेंट’ हा भाग जन्मला. जखमी बॅटमॅनला काही मुले घराच्या तळघरात लपवितात आणि पेंग्विनच्या टोळीला तोंड देतात. शेवटच्या झुंजीत बॅटमॅनच्या हाती शस्त्र कोणते, तर स्क्रूड्रायव्हर! टिम यांनी स्वतः या भागाविषयीची नापसंती पुढे उघडपणे बोलून दाखविली.

रॉबिनचेही तसेच झाले. सुरुवातीला तो महाविद्यालयात शिकणारा तरुण आहे. सवडीने येतो, सवडीने जातो. त्याची पूर्वकथा सांगणाऱ्या ‘रॉबिन्स रेकनिंग’च्या पहिल्या भागाला १९९३चा प्राइमटाइम एमी पुरस्कार मिळाला. पण तो भाग येण्यापूर्वीच रॉबिन पडद्यावर दोन-चारदा येऊन गेला होता. पुढे वाहिनीला तो प्रत्येक भागात हवासा वाटू लागला. १९९४मध्ये मालिकेचे नावही ‘दि अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ बॅटमॅन अँड रॉबिन’ असे झाले. काही कथांमध्ये रॉबिन काढून टाकला, तरी कथेचे काहीच बिघडत नाही. लेखनाच्या दृष्टीने याहून मोठा दोष कोणता?

वाहिनीच्या निर्बंधांची यादीही मोठी होती. टिम यांनी एक व्यंगचित्र काढून त्यात पडद्यावर निषिद्ध असलेल्या नऊ गोष्टी एकत्र कोंबल्या होत्या. बंदुका, मद्य, धूम्रपान, फुटणारी काच, गळा आवळणे, मुलांचा जीव धोक्यात घालणे वगैरे. प्रत्यक्षात ही मालिका समकालीन मालिकांपेक्षा बरीच मोकळी होती. तिच्यात खऱ्या बंदुका दिसतात. मृत्यू मात्र जवळजवळ वर्ज्यच. परिणामी अनेक भागांत खलनायक कड्यावरून कोसळतो, स्फोटात सापडतो आणि पुढच्या वेळी सहीसलामत परततो. धोका खरा वाटेनासा होतो.

याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ‘रॉबिन्स रेकनिंग’मध्ये डिक ग्रेसनच्या आईवडिलांचा मृत्यू दाखवायला परवानगी नव्हती. पडद्यावर दिसतो तो फक्त तुटून झुलत राहिलेला दोर. ते दृश्य आजही अंगावर काटा आणते. निर्बंधांनी मालिकेचे नुकसान केले, तसे कल्पक दिग्दर्शकांना सूचकतेचे शिक्षणही दिले.

लेखनातील कच्चे दुवे

बॅटमॅनचे हे जग माणसांच्या मापाचे आहे, तेव्हा मालिका सर्वोत्तम असते. पत्नीच्या आजारपणाने उद्ध्वस्त झालेल्या मिस्टर फ्रीझची ‘हार्ट ऑफ आइस’ ही कथा त्याचे शिखर होय. डिनी यांना तिच्या लेखनासाठी डेटाइम एमी मिळाला आणि पुढे मूळ कॉमिक्सनेही फ्रीझची हीच कहाणी स्वीकारली. याउलट लांडगामानव, मांजरीत रूपांतरित होणारी सेलिना काइल असे विषय आले, की मालिका सामान्य विज्ञानकथेच्या वाटेला लागते. सेलिनावर तर अन्यायच झाला. बुद्धिमान, धूर्त, बॅटमॅनला तोडीस तोड असलेल्या या स्त्रीला मालिकेने प्राण्यांच्या हक्कांसाठी झटणारी बनविले. पण ‘टायगर, टायगर’ आणि ‘कॅट स्क्रॅच फीव्हर’मध्ये तिच्या वाट्याला प्रामुख्याने संकटात सापडून सुटकेची वाट पाहणे आले.

हार्ली क्विन हे मालिकेने जगाला दिलेले सर्वांत लोकप्रिय पात्र. आर्लीन सॉर्किन यांच्या आवाजाने ते अजरामर केले. पण जोकर तिला झिडकारतो, मारतो आणि ती पुन्हा त्याच्याचकडे जाते, हे आरंभीच्या भागांत बहुतेकदा हशा पिकविण्यासाठी वापरले आहे. ‘हार्ली अँड आयव्ही’मध्ये या नात्यातील हिंसा थोडी उघड होते. तिला गांभीर्याने भिडणारी ‘मॅड लव्ह’ ही कथा डिनी आणि टिम यांनी १९९४मध्ये कॉमिक्सरूपात लिहिली. पडद्यावर ती १९९९मध्ये, पुढच्या मालिकेत आली.

सर्वांत गंभीर आक्षेप आहे तो अर्कहॅम या मनोरुग्णालयाबाबत. गॉथममध्ये मनोविकार आणि गुन्हेगारी ही जवळजवळ एकच गोष्ट आहे. खलनायकाला तेथे डांबायचे, तो पळायचा, पुन्हा डांबायचे. टू-फेस झालेल्या हार्वी डेंटच्या दुभंगलेल्या मनाचे चित्रण सहानुभूतीने केले आहे, यात शंका नाही. पण कायमचा बरा होणारा रुग्ण येथे विरळाच. ‘हार्लीज हॉलिडे’मध्ये बरी होऊन बाहेर पडलेली हार्लीसुद्धा दिवसभरात परत आत येते. खलनायक पुन्हा हवा असतो, म्हणून उपचार अपयशी व्हायलाच हवेत. मालिकेच्या व्यावसायिक गरजेने येथे एका आजाराविषयी चुकीचा समज पक्का केला. लेखकांना याची जाणीव होती, हे ‘ट्रायल’ आणि ‘लॉक-अप’ या भागांवरून दिसते. पहिल्यात रुग्णच बॅटमॅनवर खटला भरतात, दुसऱ्यात अर्कहॅमचा क्रूर सुरक्षाप्रमुखच खलनायक ठरतो. मात्र प्रश्न विचारून मालिका पुढच्या भागात जुन्याच वाटेने चालू लागते.

बदललेले चेहरे

१९९७मध्ये ‘द न्यू बॅटमॅन अ‍ॅडव्हेंचर्स’ या नावाने आणखी २४ भाग आले. चित्रे काढायला सोपी व्हावीत आणि दर्जा सर्वत्र सारखा राहावा, म्हणून पात्रांची रूपे साधी, टोकदार करण्यात आली. हालचाली सुधारल्या. पण जोकरचे लाल ओठ गेले, डोळ्यांच्या जागी काळ्या खाचांत दोन ठिपके उरले आणि त्याच्या चेहऱ्यातली जरबच हरपली. २०००मधील ‘बॅटमॅन बियाँड : रिटर्न ऑफ द जोकर’ या चित्रपटात त्याचा चेहरा पुन्हा बदलावा लागला. म्हणजे एक उणीव दूर करताना दुसरी पदरी पडली.

टिम यांनी २०२४मध्ये ‘बॅटमॅन : केप्ड क्रूसेडर’ ही दहा भागांची नवी मालिका आणली. १९४०च्या दशकासारखे वातावरण, सरळ दाखविलेले मृत्यू, जोकरशी संबंध नसलेली हार्ली, कृष्णवर्णीय गॉर्डन कुटुंब आणि मोजकेच भाग. जुन्या मालिकेवरील अनेक आक्षेपांना दिलेले हे उत्तरच म्हणता येईल.

कॉनरॉय २०२२मध्ये आणि सॉर्किन २०२३मध्ये निवर्तल्या. त्यांच्यामागे मालिकेविषयीचा आदर आणखी वाढला, हे स्वाभाविकच. पण सरसकट सर्व ८५ भागांना उत्कृष्ट म्हणण्याने कोणाचेच भले होत नाही. नवा प्रेक्षक चुकीच्या भागापासून सुरुवात करतो आणि मालिका सोडून देतो. शिवाय, घाईच्या वेळापत्रकातही ज्यांनी ‘फीट ऑफ क्ले’चा शेवट रंगविला, त्या पडद्याआडच्या चित्रकारांचे श्रेय सरसकट कौतुकात हरवून जाते.

कोठून सुरुवात करावी?

* पहिली ओळख : ‘ऑन लेदर विंग्ज’
* खलनायकाची शोकांतिका : ‘हार्ट ऑफ आइस’, ‘टू-फेस’ (दोन भाग)
* रॉबिनची पूर्वकथा : ‘रॉबिन्स रेकनिंग’ (दोन भाग)
* जुन्या बॅटमॅनला मानवंदना : ‘बिवेअर द ग्रे घोस्ट’ (यात १९६०च्या दशकातील दूरचित्रवाणीवरचे बॅटमॅन अ‍ॅडम वेस्ट यांचा आवाज आहे)
* अर्कहॅमचा प्रश्न : ‘ट्रायल’, ‘लॉक-अप’
* सवडीने पाहिले तरी चालतील : ‘आय हॅव गॉट बॅटमॅन इन माय बेसमेंट’, ‘मून ऑफ द वुल्फ’, ‘कॅट स्क्रॅच फीव्हर’