नगरपालिकेची दाई, गावाची डॉक्टर

रायपूरच्या सदर बाजारात सोन्या-चांदीचा भाव हाच मुख्य विषय. कोतवालीकडून आत शिरलं की सराफांच्या पेढ्या सुरू होतात. लगीनसराईत खेड्यापाड्यांतल्या बाया गादीवर ऐसपैस बसून रुपयामाळ, पुतरी, ऐंठी, करधन हातात घेऊन तोलत असतात. आमचं घर इथून हाकेच्या अंतरावर, तात्यापाऱ्यात. भोसल्यांच्या अमलापासून कारकुनी, वकिली, शाळामास्तरकी करायला आलेल्या मराठी माणसांची वस्ती या भागात वाढली. 1818 मध्ये इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने छत्तीसगढचं मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं, आणि गावाला बरकत आली.

आजीला अ‍ॅग्न्यू ठाऊक नव्हता. तिच्या इतिहासात आळीतली माणसं होती. वामनराव लाखे तिच्यासाठी ‘लाखे वकील’. जानेवारी 1900 मध्ये माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, त्याचे प्रकाशक हे लाखे. छत्तीसगढ राज्य झालं 1 नोव्हेंबर 2000 ला. त्याच्या शंभर वर्षं आधी हे नाव मुखपृष्ठावर छापणारे तिघेही मराठी बोलणारे होते, याचा मला फार अभिमान वाटतो. 1930 च्या सत्याग्रहात रायपूरच्या पाच पुढाऱ्यांना लोकांनी पांडव ठरवलं. आजी बोटं दुमडत नावं घ्यायची: लाखे युधिष्ठिर, महंत लक्ष्मीनारायण दास भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना रऊफ नकुल, शिवदास डागा सहदेव. पाचवं बोट दुमडून झालं की म्हणायची, “आणि राधाबाई? तिला कोण मोजणार?”

राधाबाईंचा जन्म 1875 चा, नागपूरचा. बालपणीच लग्न झालं आणि नवव्या वर्षी कपाळ पांढरं. त्या काळात अशा मुलीच्या वाट्याला स्वयंपाकघराचा कोपरा यायचा. ही मात्र सुईणीचं काम शिकली आणि 1918 मध्ये रायपूर नगरपालिकेत दाई म्हणून आली. रात्रीअपरात्री निरोप आला की निघायची. बाळंतीण कुठल्या जातीची, हे पाहायची नाही. पदवी नव्हती, पण गावाने तिला ‘डॉक्टर’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नावापुढे कायमचं राहिलं. सफाई कामगारांच्या वस्तीत जाऊन ती पोरांना स्वतःच्या हातांनी आंघोळ घालायची, शिकवायची. शिवाशिवीच्या त्या दिवसांत असं काम करून आलेल्या बाईला किती घरांनी ओसरीवरच थांबवलं असेल! तरी त्याच घरांतल्या सुना अडल्या की बोलावणं तिलाच. 1930 पासून 1942 पर्यंत प्रत्येक सत्याग्रहात ती होती, तुरुंगातही गेली.

पण आजीच्या आवाजाला धार चढायची ती पडद्याची गोष्ट सांगताना. सदरमधल्या व्यापारी घरांतल्या सुना छातीपर्यंत घूंघट ओढून असायच्या. आम्हा मराठी बायकांचा पदर डोक्यावर असे, तोंड उघडं. त्यामुळे आजीला सदरमधून जाताना नेहमी वाटायचं की आपण सगळ्यांना दिसतोय आणि या बायका कुणालाच दिसत नाहीत. राधाबाईने पडद्याविरुद्ध बायकांना जमवलं ते सदर बाजारातल्या जगन्नाथाच्या देवळात. जागा तिने अचूक निवडली होती. देवदर्शनाला निघालेल्या सुनेला सासूही अडवू शकत नाही! त्या सभेत कितीतरी जणींनी घूंघट कायमचा टाकला. “आधी हात थरथरतो गं,” आजी सांगायची. “मग वारा लागतो गालाला. मग बाई आजूबाजूला बघते, कोण हसतंय का म्हणून. कोणी हसलं नाही, तर दुसरी उचलते.” हे सांगताना आजी स्वतःचा पदर नकळत मागे सारायची.

होळीला आणि लग्नाकार्यात मुलींना नाचवणारा ‘किसबिन नाच’ बंद व्हावा म्हणूनही राधाबाई खेड्यापाड्यांत फिरली. ज्या घरांची चूल त्या नाचावर पेटायची, त्यांच्या दारात जाऊन बोलणं हे तुरुंगात जाण्यापेक्षा अवघड असणार, असं मला वाटतं. भाषण ऐकून पोट भरत नाही. बाळंतपणाच्या निमित्ताने शेकडो घरांत आतपर्यंत गेलेल्या बाईचं ऐकलं गेलं, कारण तिला त्या घरांच्या मडक्यातला तांदूळ माहीत होता. पुढाऱ्यांच्या सभा चौकात व्हायच्या, तिची सभा माजघरात.

2 जानेवारी 1950 ला ती गेली. राहतं घर तिच्या इच्छेप्रमाणे अनाथालयाला मिळालं.

आज रायपूरला तिच्या नावाचं सरकारी कन्या महाविद्यालय आहे. पुतणीने परवा विचारलं, “आत्या, या डॉक्टर राधाबाई कुठल्या विषयाच्या डॉक्टर होत्या?” मी चपला घातल्या, तिला घेऊन सदरमध्ये जगन्नाथाच्या देवळात गेले आणि 1918 पासून सांगायला बसले.